पंचेचाळिशीची बाई

"तबिथा, तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस."

ननावरे मास्तरांनी हे इतक्या सहज सांगितलं, जणू 'दार लोटून घे' म्हणत होते. त्यांनी पायपेटी थांबवली होती, चर्चमधला चाळीस जणांचा क्वायर चिडीचूप उभा होता, आणि एकेकाच्या तोंडाशी कान नेत ते नेमके माझ्यापुढे येऊन थांबले होते.

"बायकांच्या रांगेत हा बाप्या कोण घुसलाय, ते मघापासून शोधतोय," ते म्हणाले. मागे पुरुषांच्या रांगेत खसखस पिकली.

"मास्तर, माझी पट्टीच खालची आहे. काळी दोनमध्ये घेतलं तर मला..."

"काळी दोन पुरुषांची. बायकांची काळी चार. ही वाटणी मी केलेली नाही, देवानं गळे घडवतानाच केलीय." मग मला नखशिखांत न्याहाळून म्हणाले, "उंच आहेस, रांग भरलेली दिसते. नाताळला सगळ्या मंडळीसमोर उभं राहायला मिळतंय, ते काय कमी आहे? ओठ हलव."

पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीपासून चौथ्या काळ्या पट्टीपर्यंत अंतर असतं चार बोटांचं. तेवढ्या चार बोटांपायी त्या माणसानं मला धडधाकट जिभेची मुकी केली. ही गोष्ट त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरातली, नगरची. मी वीस वर्षांची होते आणि क्वायरमध्ये घेतलं म्हणून आठवडाभर हवेत होते. आज सत्तरी उलटली, तरी ते वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात.

माझ्या शेजारी हेलनकाकू उभ्या होत्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स, वय पन्नाशीचं, तोंडात कायम लवंग. मास्तर पेटीकडे वळले तसं त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"रडू नको गं. ओठ हलवायचं म्हंजे पण काम असतंय," त्या हळूच म्हणाल्या. "'आ' आला की हनुवटी खाली सोडायची. 'ओ'ला तोंड गोल. श्वास मात्र खराच घ्यायचा, खांदे हलले पाह्यजेत. न्हाईतर लांबून ओळखू येतं."

काकू माझी समजूत काढताहेत असं मला वाटलं. मी हनुवटी खाली सोडली, तोंड गोल केलं आणि तासभर हवा चावून घरी आले.

आमचे आबा, शमुवेल वैरागर, रेडिओ दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली हेच दुकान. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघं आणि दुसऱ्यांचे बंद पडलेले वीसपंचवीस रेडिओ. मी चपला भिरकावल्या आणि थेट आबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"आबा, खरं सांगा. माझा आवाज बाईचा आहे की नाही?"

"कोन काय म्हनलं?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडले आणि रडता रडता आणखी चिडले. "लावा तुमचा रेडिओ! सगळ्या बायका सुईच्या टोकावर उभ्या राहून गातात. सगळ्या काळी चारच्या नाहीतर त्याच्याही वरच्या. मास्तरांचं बरोबरच आहे. जगात एक तरी बाई असेल का हो, माझ्यासारखी गाणारी?"

आबांनी हातातली तापलेली सळई स्टँडवर ठेवली. डोळ्यावरचा चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

"बघू," एवढंच म्हणाले.

आबांचं 'बघू' म्हणजे 'हा रेडिओ आता काही चालायचा नाही', हे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेत शिकवून घरी आले तर मधल्या खोलीत, शिवणयंत्राच्या शेजारी, रेकॉर्ड प्लेअर मांडलेला. अमेरिकेला परत गेलेल्या एका मिशनरी डॉक्टरीणबाईंनी जाताना तो आणि पाचसहा तबकड्या आबांना देऊन टाकल्या होत्या. उन्हाळ्यापासून तो माळ्यावर धूळ खात पडला होता. आबांनी तो पुसून लख्ख केला होता. उजव्या अंगाला तेवढा पत्र्याचा एक चौकोनी तुकडा दोन स्क्रूंनी बसवलेला दिसत होता.

"हा पत्रा कशाला?"

"मोडकं झाकायला. तू बस. ऐक."

त्यांनी एक छोटी तबकडी काढली. मधल्या कागदाला कसर लागून बाईचं नाव पार खाल्लं गेलं होतं. फक्त कोपऱ्यात ४५ असा आकडा शाबूत होता. आबांनी सुई टेकवली.

आधी कुणीतरी जाड तारेचं वाद्य बोटांनी छेडत जिना उतरावा तसं खाली खाली आलं. मग ढोलावर झाडणीसारखं काहीतरी फिरायला लागलं, सूप पाखडताना येतो तो आवाज. आणि मग बाई गायला लागली.

काय सांगू! माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खालून, पोटातून येणारा, रुंद, जरासा घोगरा आवाज. कसली घाई नाही. एक शब्द उचलायची, तो नीट बघायची आणि मग खाली ठेवायची. इंग्रजी नाताळचं गाणं होतं. खिडकीशी बसलेली बाई, बाहेर बर्फ, येणाऱ्याची वाट. शब्द सगळे कळले नाहीत. पण ती कुठल्या पट्टीत गाते हे मला पेटीला हात न लावता कळलं. काळी दोन. माझी काळी दोन!

"ही बाई आहे?" मी विचारलं.

"मग काय बाप्या हाय? तिकडं अशा लई बाया गातात म्हने. जॅझ म्हनतात त्याला. डाक्टरीणबाई सांगायच्या."

मी तबकडी हातात घेऊन तो आकडा पाहिला. "पंचेचाळीस. वय असेल तिचं."

आबा खोकले. "आसंल," म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

पुढचे पंधरा दिवस मी त्या पंचेचाळिशीच्या बाईबरोबर राहिले. सकाळी भाकरी थापताना ती, संध्याकाळी कंदील पुसताना ती. तिच्यासारखं थांबायला शिकले. श्वास संपत आला तरी न घाबरता सूर धरून ठेवायला शिकले. मी तिचा चेहरासुद्धा मनात ठरवून टाकला होता. उंच, माझ्यासारखी, केस थोडे पिकलेले, आणि कुणी 'ओठ हलव' म्हणालं तर नुसतं बघून त्याला गप्प करणारी.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूला गोठ्यातल्या बाळाचं अंगाईगीत होतं. त्या चालीवर मी मराठी शब्द बांधले:

निज निज राजा, गारठा फार,
गोठ्याला नाही कडी ना दार.
येईल त्याला येऊ दे आत,
कोण इथं विचारणार?

आबांना म्हणून दाखवलं. ते स्क्रू पिळत होते, पिळायचे थांबले. "मंडळीसमोर म्हन हे," ते म्हणाले.

मी पाळकसाहेबांकडे गेले. ते भले गृहस्थ होते, म्हणजे कुणालाच नाही म्हणायचे नाहीत आणि कुणासाठी भांडायचेही नाहीत. "गाण्याचं ननावरे मास्तरच ठरवतात, बेटी," म्हणाले. मग मास्तरांना गाठलं, भर सरावात, सगळ्यांदेखत. चूक तिथंच झाली, पण राग डोक्यात गेला की माणसाला प्रेक्षक लागतात.

"नाताळला बाईचं एकटीचं गाणं म्हणजे वरच्या आवाजाचं," मास्तर म्हणाले. "तुझं गाणं ऐकून लोक म्हणतील, मेंढपाळांऐवजी रेडा आला गोठ्यात."

हशा झाला. मी म्हटलं, "मास्तर, बायका खालच्या पट्टीत गातात. मोठ्या मोठ्या गातात. तुम्ही ऐकल्या नाहीत, हा काय माझा दोष?"

"कोण गाते, नाव सांग."

"नाव माहीत नाही. पंचेचाळीस वर्षांची बाई आहे. रेकॉर्ड आहे माझ्याकडे."

"असं?" मास्तर हसले. "मग आण की. तेवीस तारखेला शेवटचा सराव आहे. पाळकसाहेबांकडे नवा प्लेअर आलाय, तो मागवतो. तुझी बाई काळी दोनमध्ये गात असेल, तर नाताळला तू एकटी गायचीस. माझा शब्द."

मी नाचतच घरी आले. आबांचा चेहरा मात्र पडला.

"त्याला कशाला दाखवायचं?" ते म्हणाले. "तू गा की नुसती."

"पुरावा मागितलाय त्यांनी."

"गाण्याला पुरावा नस्तो, तबे. न्हेऊ नको. तबकडी जुनी हाय, चरा पडंल."

"चरा पडला तर पडू दे! पंधरा दिवस ज्या बाईनं मला उभं केलं, ती एकदा सगळ्यांना ऐकू दे."  मला वाटलं, त्यांना तबकडीचीच काळजी.

तेवीस तारखेला चर्चमध्ये चांदण्या लावून झाल्या होत्या. पेटीशेजारी टेबलावर नवाकोरा प्लेअर. मी रुमालात गुंडाळलेली तबकडी मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, मधला आकडा वाचला, प्लेअरचा एक खटका फिरवला आणि सुई टेकवली.

कुणीतरी तुरुतुरु जिना उतरलं. सूप भराभरा पाखडलं गेलं. आणि एक गोड, कोवळी, चिमणीसारखी बाई लगबगीनं गायला लागली.

मी म्हटलं, "ही ती नव्हे."

"म्हणजे?"

"ही माझी बाई नाही. रेकॉर्ड बदललीय कुणीतरी."

मास्तरांनी तबकडी थांबवली. माझ्याकडे पाहिलं, तबकडीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "हा आकडा कसला गं?" त्यांनी विचारलं.

"तिचं वय."

सगळा क्वायर फुटला. पुरुषांच्या रांगेतला एकजण बाकावर बसून मांड्या बडवायला लागला.

"वय!" मास्तरांनी डोळे पुसले. "बाई, ही तबकडी मिनिटाला पंचेचाळीस वेळा फिरवायची असते. स्पीड आहे तो! थांबा, थांबा, मंडळी. तबिथाची बाई आपण बोलावू या." त्यांनी खटका तेहतीसवर, मोठ्या तबकड्यांच्या संथ वेगावर, ओढला.

आणि ती आली. माझी बाई. खालून, पोटातून, सावकाश. फक्त आता ती चाळीस जणांच्या हसण्यातून येत होती.

"रेडिओ दुरुस्त करतो म्हणे तुझा बाप! पंचेचाळीसची तबकडी तेहतीसवर लावतो आणि लेकीला सांगतो, ही बाई आहे. अशी बाई जगात नाही, तबिथा. ही मशीनची चूक आहे. आणि तूही तीच आहेस, चुकीच्या स्पीडवर लागलेली तबकडी." ते पुन्हा पेटीवर बसले. "चला, काळी चार. ज्यांना आवाज आहे त्यांनी गा."

मी तबकडी उचलली आणि बाहेर पडले. घरापर्यंतचा रस्ता कसा कापला आठवत नाही. आबा दुकानात माझी वाटच पाहत बसले होते. रेडिओ एकही उघडलेला नव्हता.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं. अजून आशा होती. बाप अडाणी निघाला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

"म्हाईत व्हतं."

मी तबकडी टेबलावर आपटली. फुटली नाही, एवढंच. "आबा! सगळे हसले मला! वय म्हणाले मी, वय! आणि तुम्ही इथं बसून 'आसंल' म्हणालात! मास्तर परवडले, ते तोंडावर तरी बोलतात. तुम्ही मला खोटी बाई दिलीत."

आबांनी खण उघडला, बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून एक काळा खटका टेबलावर ठेवला. प्लेअरचा. तो मोडलेला नव्हता. वेग तेहतीसवर ठेवून काढलेला होता.

"तू इचारलंस, जगात एक तरी बाई हाय का माझ्यावानी," ते म्हणाले. "मी डाक्टरीणबाईच्या सगळ्या तबकड्या ऐकल्या. दोन दीस रेडिओची ठेसनं धुंडाळली. मला न्हाई घावली. आसंल कुठंतरी, नसंल कशाला? पन मला न्हाई घावली, आन तू तर जेवायची पन बंद झालती. मग म्हनलं, आपल्याकडं मशीन हाय. घावत न्हाई तर करू."

"खोटी बाई!"

"बाई खोटी. कबूल." त्यांनी खटका उचलून माझ्यापुढे धरला. "पन तबे, तू पंधरा दीस गायलीस ती कंच्या स्पीडवर? तुला कुठं खटका हाय गं?"

 मी पाय आपटत आत निघून गेले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मी त्यांच्याशी बोलले नाही. करंज्या तळल्या, शंकरपाळे केले, सगळं मुकाट्यानं. पण तेलात करंजी उलटताना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा वर यायचा. खरंच, माझ्यात कुणी काय फिरवलं होतं? मी तर जन्मले त्याच वेगानं गात होते.

आता आमच्या मंडळीतली एक रीत सांगायला हवी. नाताळच्या उपासनेत, प्रवचनाच्या आधी, पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" म्हणजे देवानं वर्षभरात आपल्यासाठी काय केलं, ते ज्यानं त्यानं उठून सांगायचं. साक्ष कुणी अडवत नाही. मंडळीतले एक आजोबा दर वर्षी त्यांच्या म्हशीच्या दुखण्याची साक्ष अर्धा अर्धा तास द्यायचे, लोक घड्याळं बघायचे, पण कुणाची हूं म्हणायची टाप नव्हती. कुणी ती बोलून देतं, कुणी रडून, कुणी गाऊन. गाणं मास्तरांच्या ताब्यात होतं. साक्ष नव्हती.

पंचवीस तारखेला सकाळी मी क्वायरमध्ये माझ्या जागी उभी राहिले. मास्तरांनी भुवया उंचावल्या, पण भरल्या चर्चमध्ये काय बोलणार? दोन गाणी मी ओठ हलवले, हनुवटी खाली, तोंड गोल. मग पाळकसाहेबांनी विचारलं आणि म्हशीचे आजोबा काठी शोधताहेत तोवर मी रांगेतून बाहेर पडले, माइकपुढे गेले.

"देवानं मला आवाज दिला," मी म्हटलं. "हीच माझी साक्ष." आणि डोळे मिटून सुरू केलं.

निज निज राजा, गारठा फार...

काळी दोन. पेटी नाही, काही नाही. पहिली ओळ संपते न संपते तोच मागून पायपेटी घुमली. मास्तरांनी काळी चार धरली होती, मोठ्यानं. मला वर ओढायला की पाडायला, त्यांचं त्यांना ठाऊक. भर साक्षीत! म्हशीच्या साक्षीला ज्यानं तीस वर्षं कान दिला, त्या माणसाला माझ्या चार ओळी ऐकवेनात. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की सूर हलायच्या ऐवजी पहारीसारखा रोवला गेला. मी डोळे उघडले. शेवटच्या बाकामागे आबा अँप्लिफायरजवळ बसले होते; चर्चचा माइक तेच सांभाळायचे. एक खटका फिरवला असता तर माझा आवाज पेटीवर चढला असता. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांनी कशालाच हात लावला नाही.

गोठ्याला नाही कडी ना दार...

पेटी ओरडत राहिली, मी गात राहिले. लोक माना वळवून मास्तरांकडे बघायला लागले. म्हशीचे आजोबा काठी आपटून मोठ्यांदा म्हणाले, "ए पेटीवाल्या! साक्ष चाललीय!" आणि पेटी थांबली.

त्या शांततेत मी कडवं पुन्हा घेतलं. तेव्हा माझ्या मागून दुसरा एक आवाज उठला. खालचा, जाड, न वापरल्यामुळे जरा गंजलेला, पण सुरात. मला वाटलं, पुरुषांच्या रांगेतला कुणीतरी. मागे वळून पाहिलं तर हेलनकाकू गात होत्या. डोळ्यांतून पाणी, तोंडात लवंग, आणि हनुवटी नेमकी खाली.

येईल त्याला येऊ दे आत,
कोण इथं विचारणार?

कडवं तिसऱ्यांदा आलं तेव्हा बाकांवरूनही दोघीतिघी आमच्यात मिसळल्या. सगळ्या खालच्या. क्वायरमध्ये कधीकाळी येऊन गेलेल्या बायका होत्या त्या.

उपासना संपल्यावर फाटकापाशी मी काकूंचा हात धरला. "काकू, तुमचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता हो. एवढे दिवस शेजारी उभी होते."

"कसा ऐकशील?" काकू म्हणाल्या. "अकरा वर्सं ओठच हलवतीय गं मी."

अकरा वर्षं. अकरा नाताळ ती बाई नवी साडी नेसून उभी राहिली, खांदे हलवून खरा श्वास घेतला आणि आवाज न काढता तसाच बाहेर सोडला. आणि आम्ही बाकांवर बसून म्हणत होतो, काय सुंदर गातो आपला क्वायर! आबांवरचा माझा राग कधीच उतरला होता. हा नाही उतरला. ननावरे मास्तरांच्या मयतीला मी गेले, फूल वाहिलं, आणि तिथंही मनात तोच आकडा होता.

दुपारी काकू करंज्यांचं ताट घेऊन आमच्याकडे आल्या. आबांनी पत्र्याचा तुकडा काढून खटका जागेवर बसवला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "खरी ऐकायची?" मी मान हलवली. त्यांनी पंचेचाळीसवर तबकडी लावली. त्या चिमणीसारख्या बाईनं खिडकी, बर्फ, वाट बघणं, सगळं भराभर आवरलं. वाईट गात नव्हती बिचारी. तिचा काय दोष?

काकूंनी अर्धी करंजी ताटात ठेवली. "बरी गाती. पन शमुवेल, परवा मास्तरनं टिंगल करायला लावलीती, ती कुठंय?"

"तुम्ही पण हसत होतात ना तेव्हा?" मी विचारलं.

"हसत कुठली? तिथं पन नुसते ओठच हलवले मी." काकूंनी पदरानं हात पुसले. "ती लाव की रे. आपली बाई लाव."

आबांचा हात खटक्यापाशी गेला आणि थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, त्यांचा हात बाजूला केला आणि खटका तेहतीसवर मीच ओढला.